भिंतीआडचं भजन

श्रावण लागला की सिंधुदुर्गातल्या भजनी मंडळांच्या तालमी रंगात येतात. चतुर्थीला घरोघरी आरत्या आणि भजनं, पुढे सप्ताह आणि जत्रा, आणि बुवाचं नाव झालेलं असेल तर डबलबारीची सुपारी. डबलबारीत दोन बुवा आमनेसामने बसतात आणि हार-जीत सगळ्या गावादेखत ठरते. तालीम मात्र रात्रीची, कामधंदा आटोपल्यावर, एखाद्या पडवीत नाहीतर देवळाजवळच्या सभागृहात. म्हणजे पखवाज तापतो तो नेमका शेजारच्या म्हाताऱ्यांच्या आणि बारावीच्या पोरांच्या झोपेच्या वेळी.

यावर एक उपाय आहे: सभागृहाच्या आतच एक आवाजबंद खोली बांधायची. पण तो सुचवला की खर्चाच्या आधी वेगळाच प्रश्न उभा राहतो. देवाचं नाव कोंडून घ्यायचं का?

आधी खोलीचंच बघू. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून काही साधत नाही. त्याने आतला घुमारा थोडा बदलतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. चिऱ्याची जाड भिंत गिलावा केलेली असेल तर ते काम बरं करते. वरचं कौलारू छप्पर मात्र तिचा सगळा पराक्रम वाया घालवतं. भिंतीचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीची भिंत कितीही भक्कम असो, अडणारा आवाज 20 डेसिबलच्या आसपासच थांबतो. म्हणून खोलीला स्वतःचं जड छत हवं, घट्ट बसणारे दोन दरवाजे हवेत, आणि आतली भिंत बाहेरच्या भिंतीला कुठेही टेकता कामा नये. सगळ्यात हट्टी पखवाजाचं डावं, कणीक लावलेलं तोंड. झांजेचा तीक्ष्ण नाद तुलनेने सहज अडतो. पखवाजाचा खर्ज मात्र जमिनीतून आणि भिंतीतून पाझरत राहतो. त्यासाठी आतली जमीनसुद्धा रबरी गाद्यांवर अधांतरी ठेवावी लागते.

आता कोंडण्याचा प्रश्न. देवाला ऐकू जावं म्हणून खिडकी उघडी लागते, असं कुठलीही परंपरा म्हणत नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार मांडले. अनाहत हा आघाताविना असलेला, योग्यांनी उपासावा असा नाद. त्याने मुक्ती मिळेल, पण लोकांचं रंजन होत नाही. रंजन करतो तो आहत, वाजवलेला, गायलेला नाद. म्हणजे बाहेर जाणारा आवाज माणसांसाठी असतो हे शास्त्रकाराने आधीच मान्य केलं आहे. 1946 साली न्यूयॉर्कला गेलेल्या गीता साराभाई स्वतः पखवाज शिकलेल्या होत्या. संगीत कशासाठी, असं अमेरिकन संगीतकार जॉन केजने विचारल्यावर त्यांनी गुरूकडून ऐकलेलं उत्तर दिलं: मन शांत करून त्याला दैवी स्पर्शासाठी मोकळं करण्यासाठी. हे मन गाणाऱ्याचं असेल, तर बंद खोलीत काहीच उणं होत नाही.

शिवाय सिंधुदुर्गातल्याच मालवण तालुक्याला शांततेची भक्ती नवी नाही. आचऱ्यात दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन गावपळण होते. गुराढोरांसकट सगळं गाव तीन दिवस-रात्र वेशीबाहेर राहतं आणि मागे घरं-वाड्या नि:शब्द होतात. त्याने गावाची भक्ती कमी झाली असं कोणी म्हणत नाही.

कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबलची आहे, आणि रात्रीच्या वाद्यबंदीतून सूट मिळते ती बंदिस्त जागांना. त्याच वर्षी चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही. त्या प्रार्थनेतही ढोल होते, म्हणून हा निकाल आपल्याला परका नाही.

तरीही आवाजबंद खोलीविरुद्ध एक आक्षेप उरतो, आणि तो देवाच्या बाजूचा नाही, शेजाऱ्याच्या बाजूचा आहे. भजन इकडे शाळेत कमी आणि कानावर पडून जास्त शिकलं गेलं. पडवीच्या कठड्यावर बसलेलं पोर आधी झांज धरतं, मग कोरसात ओढलं जातं, आणि बुवाच्या चुका ऐकत ऐकत ठेका उचलतं. डबलबारीत ते फक्त तयार झालेलं गाणं ऐकतं. गाणं तयार होतं कसं, हे तालमीतच कळतं. झोपमोड होणारा शेजारी आणि पुढचा पखवाजी बऱ्याचदा एकाच घरात राहतात. जाड भिंत पहिल्याला न्याय देते आणि दुसऱ्याला तोडते.

म्हणून आराखडा काढताना डेसिबलबरोबर बाकांचाही हिशेब व्हायला हवा: वादकांच्या मागे पाच-सहा जणांची जागा, आणि वेळापत्रकात दहाच्या आधीचा एक तास दोन्ही दरवाजे उघडे ठेवून. मंडळाने हा तास मान्य केला, तर शेजाऱ्यांनीही तेवढी कुरकुर सोडायला हरकत नाही.