पीळ, निग्रह आणि अभ्यास

'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण दुसऱ्याच्या स्वभावावर शिक्कामोर्तब करण्यासाठी आपण ज्या सहजतेने वापरतो, ती सहजता पाहिली म्हणजे मनुष्याचा स्वभाव पालटतो किंवा नाही, हा प्रश्न आपण केव्हाच निकाली काढून दप्तरी दाखल केला आहे, असे वाटू लागते. वस्तुतः इतका पुरातन आणि अद्यापि फैसल न झालेला मामला धर्मचिंतनात क्वचितच दुसरा सापडेल. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवान स्वतःच विचारतात की, ज्ञानी पुरुषही जर आपल्या प्रकृतीला अनुसरून वागतो, तर निग्रह काय करणार. आणि सहाव्या अध्यायात अर्जुनाने मनाच्या चांचल्याची फिर्याद मांडली असता तेच भगवान अभ्यास आणि वैराग्य या दोन उपायांची ग्वाही देतात. एका स्थळी निग्रह निष्फळ आणि दुसऱ्या स्थळी मन वश होण्याजोगे, ही विसंगती केवळ भासमान आहे, असे माझे मत आहे. आणि त्या मताला भाष्यग्रंथांइतकाच भक्कम दाखला अखंड लाकडाचे धनुष्य घडवणाऱ्या कारागिराच्या कामात मिळतो.

1545 साली बुडालेल्या आणि 1982 साली समुद्रतळावरून वर काढलेल्या 'मेरी रोझ' या इंग्लिश युद्धनौकेवर जी शंभराहून अधिक धनुष्ये सापडली, ती यू वृक्षाच्या लाकडाची आहेत: पाठीला ताण सोसणारे बाहेरचे फिकट लाकूड, पोटाला दाब सोसणारा तांबूस गाभा, आणि दोन्ही निसर्गानेच एका अंगात सांधून दिलेली. अशा धनुष्यासाठी ओंडका पाचर ठोकून फाडण्याचा शिरस्ता आहे, आणि त्याचे कारण मननीय आहे. पाचर तंतूंच्या वाटेने जाते. म्हणून झाड वाढताना ज्या खोडातले तंतू खोडाभोवती फिरत फिरत वर चढले असतील, त्या खोडाचा फाळका जन्मतःच अंगात पीळ घेऊन येतो. करवतीला तंतूंची क्षिती नसते. तिच्याखालून निघालेली पट्टी डोळ्यांना निर्दोष सरळ दिसते, पण तिचे तंतू पाठीवर जागोजाग छेदलेले असतात, आणि धनुष्य पूर्ण ओढले की त्या छेदलेल्या टोकांपाशीच कपचा उचलला जाऊन ते मोडण्याची धास्ती असते. जो सरळपणा अंतरीचा धागा तोडून मिळवला, तो कसोटीच्या क्षणी दगा देतो. आणि जो वाकडेपणा अखंड तंतूंचा आहे, त्याच्यावर निदान उपाय तरी चालतो.

तो उपाय कोणता, हे ठरवण्यापूर्वी कारागीर पिळाची खातरजमा ज्या रीतीने करतो, ती पाहण्यासारखी आहे. दोरी चढवलेल्या धनुष्याचे एक टोक तो डोळ्यापाशी धरतो, दुसरा डोळा मिटतो आणि दोरीच्या रेषेतून पलीकडे पाहतो. धनुष्याचे बाहू जरासे नागमोडी असोत, कडेला एखादी गाठ फुगलेली असो, त्याची तो फारशी दखल घेत नाही. दोरी मुठीच्या मध्यावरून जाते की एका कडेला सरकते, आणि धनुष्य ओढल्यावर बाहूचे टोक सपाट राहते की एका अंगावर कलंडते, एवढेच तो पाहतो. कारण टोक फार कलंडले, तर दोरी खाचेतून निसटण्याची भीती असते. लाकूड सरळ आहे काय, हा त्याचा प्रश्नच नसतो. शक्ती ज्या रेषेने वाहायची ती रेषा ठिकाणावर आहे काय, हा त्याचा प्रश्न असतो.

इसवी सनापूर्वी चौथ्या आणि तिसऱ्या शतकांत चिनी तत्त्वज्ञांत मनुष्यस्वभावाच्या प्रश्नावर जो वाद झाला, त्यातही लाकडाचाच दृष्टान्त होता, हे लक्षणीय आहे. मेन्शियसने आपल्या प्रतिपक्ष्याला विचारले की, वाळुंजाच्या झाडाचे पेले करताना तू त्या झाडाच्या प्रकृतीला अनुसरतोस की तिच्यावर अत्याचार करतोस, आणि माणसाला सदाचारी करण्यासाठीही त्याच्यावर असाच अत्याचार करणार काय? त्याच्यानंतरच्या शुन्त्झूने उलट बाजू मांडली: वाकडे लाकूड वाफवून साच्यात दाबल्याशिवाय सरळ होत नाही, तसाच मनुष्यही गुरू आणि आचारनियम यांच्यावाचून सुधारत नाही. पुढे 1784 साली कान्टनेही माणसाच्या घडणीला वाकड्या लाकडाची उपमा देऊन संपूर्ण सरळपणाची आशा सोडून दिली. धनुष्यकाराला मात्र या पक्षांपैकी एकाचीही बाजू सर्वस्वी घ्यावी लागत नाही. करवतीचे काम अत्याचाराचे आहे, म्हणून मेन्शियसची शंका खरी. पण वाफेचे काम तसे नाही, म्हणून शुन्त्झूचा आग्रहही खरा.

वाफ तंतू तोडत नाही. तंतूंना परस्परांशी जखडून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य उष्णतेने मऊ होते, आणि तेवढ्या अवधीत तंतूंना आपली जागा किंचित बदलण्याची मुभा मिळते. जाडीच्या दर इंचाला साधारण एक तास वाफ द्यावी, लाकूड तापलेले आहे तोवर ते साच्यावर शिकंज्यांनी आवळावे, आणि सोडल्यावर ते थोडे मागे फिरणार हे जाणून पीळ विरुद्ध दिशेला अंमळ जास्तच द्यावा, असा प्रघात आहे. यानंतरचा भाग धीराचा आहे: लाकूड थंड होऊन पुन्हा पुरते वाळेपर्यंत ते ओढायचे नाही, कारण ओलसर लाकूड ओढले तर ते कायमचे वाकून बसते आणि त्याचा जोर जातो. ऊब, बंधन आणि दीर्घकाळ वाट पाहणे, यांतले एकही वगळून चालत नाही. गीतेतला अभ्यास मी याहून निराळा मानीत नाही. ज्याला आपण शिस्त म्हणतो, तिच्यात बंधन पुष्कळ असते. ऊब आणि धीर यांचीच बहुधा वानवा असते, आणि मग शिकंजा काढताच पीळ परतला, की आपण ती म्हण उच्चारून मोकळे होतो.

परंतु काही पीळ जन्माचा नसतो. तो घडवताना येतो. बाहूची एक कड दुसरीपेक्षा जाड राहिली, तर ओढताना बाहू दुबळ्या कडेकडे कलंडतो. येथे वाफेचे काम नाही. दुबळ्या कडेला लाकूड जोडता येत नाही, म्हणून बलिष्ठ कडच पोटाच्या अंगाने हलक्या हाताने खरवडावी लागते. थोडे खरवडायचे, धनुष्य वीस-तीस वेळा ओढायचे, मग पुन्हा दोरीच्या रेषेतून पाहायचे. कारण केलेला फरक लाकडाला लगोलग कळत नाही, श्रम झाल्यावरच तो प्रकट होतो. आणि प्रत्येक वेळी धनुष्याचा जोर थोडा घटतो, हा जमाखर्च कारागिराला मान्य असतो. वैराग्य म्हणतात ते हेच असावे. आपला दोष आपण दुबळेपणात शोधतो. पण मनुष्याला रेषेबाहेर ओढून नेते ती बहुधा त्याची बलिष्ठ बाजू: विद्वानाची विद्वत्ता, कर्तबगाराची धडाडी, सज्जनाचा सज्जनपणाचा अभिमान. तेथे हात घालायचा, तर पदरच्या सामर्थ्यातून काही वजा होणार, हे आधीच कबूल करावे लागते. हा खर्च टाळून समतोल मिळेल, असे आश्वासन कोणत्याही खऱ्या धर्माने दिलेले माझ्या पाहण्यात नाही.

आता तिसऱ्या अध्यायातल्या त्या प्रश्नाकडे वळले, तर त्याच्या लगतच्याच श्लोकात राग आणि द्वेष यांच्या अंमलाखाली जाऊ नये, असे बजावले आहे, हे ध्यानात येते. प्रकृती नाहीशी करण्याचा हुकूम तेथे नाही. तिच्यामुळे रेषा ढळू देऊ नये, एवढाच आदेश आहे. जो निग्रह तंतू छेदतो, तो निष्फळ. आणि जो तंतू राखून ऊब देतो, धरून ठेवतो, बलिष्ठ कड उतरवतो, तोच अभ्यास आणि तेच वैराग्य. पीळ अल्प असून दोरी मुठीच्या मध्यावरून जात असेल, तर जाणता कारागीर हत्यार खाली ठेवतो. मुलांना वाढवणारे आईबाप, शिष्याला घडवणारा गुरू आणि स्वतःला घडवू पाहणारा साधक, या सर्वांनी स्वभावाचा निवाडा करण्याआधी एवढे विचारावे: मला ह्याचे लाकूड सरळ दिसायला हवे आहे, की ह्याची शक्ती आपल्या रेषेने वाहायला हवी आहे? पहिली इच्छा आपल्या डोळ्यांच्या समाधानाची आहे. दुसरीलाच धर्माचा आधार आहे.