आपट्याच्या जागी कांचन

विजयादशमीला शमीचे पूजन करावे आणि शमी न मिळाल्यास अश्मंतकाचे, म्हणजे आपट्याचे, करावे, अशी व्यवस्था पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधू’त सांगितली आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत त्या दिवशी ‘सोने’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुड्यांत मात्र आपट्याबरोबर, आणि पुष्कळदा आपट्याऐवजी, कांचनाची पाने असतात, आणि अंबरनाथ, बदलापूर वा उल्हासनगर यांचे बाजार याला अपवाद मानण्याचे कारण नाही. वस्तू चुकली तर कर्म चुकते काय, आणि वस्तू चुकली हे ठरवायचे कोणी, धर्मग्रंथाने की वनस्पतिग्रंथाने, असा हा दुहेरी प्रश्न आहे.

भक्तिमार्गाचे उत्तर सोपे आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. पान कोणत्या झाडाचे हे विचारलेले नाही. हे उत्तर उदार असले तरी ते अर्पणापुरते आहे, आणि जिथे विधीच झाडाचे नाव घेऊन सांगितला आहे तिथे केवळ भावाचा हवाला देणे ही बहुधा पळवाट ठरते. पूर्वमीमांसेने, म्हणजे वेदवाक्यांतून कर्तव्य कसे ठरवावे याची चर्चा करणाऱ्या दर्शनाने, हा प्रश्न अधिक चिकाटीने हाताळला आहे. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ‘प्रतिनिधी’चा, म्हणजे विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी घ्यायच्या द्रव्याचा, विचार येतो. देवता आणि मंत्र यांना प्रतिनिधी चालत नाही, द्रव्याला चालतो. पण तो सदृश हवा, म्हणून व्रीही नसेल तर नीवार, म्हणजे रानटी भात, घ्यावा. उडीद मात्र यज्ञाला निषिद्ध असल्यामुळे कोणाच्याही जागी येऊ शकत नाही. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती अशी की यजमानाला हातातले धान्य कोणते आणि हवे होते ते कोणते हे ठाऊक आहे. नीवार समजून नीवार घेणे हा प्रतिनिधी होय. व्रीही समजून नीवार घेणे हा भ्रम होय, आणि कांचनाला आपटा समजून लुटणे याच दुसऱ्या वर्गात मोडते.

येथे वनस्पतिग्रंथांची गाठ पडते. थिओडोर कुक यांचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. फ्लोरा म्हणजे एखाद्या प्रदेशात आपोआप वाढणाऱ्या वनस्पतींची वर्णनासह शास्त्रीय जंत्री. तिच्यात ओळखकिल्ली असते, म्हणजे प्रत्येक पायरीवर दोन परस्परविरोधी लक्षणे मांडून त्यांतले एक निवडायला लावणारी मांडणी, जिच्या शेवटी एकच नाव उरते. कुक पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. ज्या राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उल्हास नदी उगम पावते आणि मग बदलापूर, उल्हासनगरकडे येते, त्या खंडाळ्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये लिहिणारे सांतापाऊ जेझुइट धर्मगुरू होते. आणि २००१ मध्ये ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे रानात हाती धरून फिरण्याजोगे पुस्तक देणारे श्रीकांत इंगळहळीकर पुन्हा अभियंतेच. दशग्रंथी याज्ञिकांतून असा एखादा ग्रंथकार का निघाला नाही, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

या ग्रंथांच्या आधारे निवाडा कठीण नाही. आपट्याचे पान लांबीपेक्षा रुंद, आकाराने लहान आणि जाडसर असते. कांचनाचे मोठे, लांबट आणि अधिक खोल दुभंगलेले. आपटा उन्हाळ्यात फुलतो, त्याची फुले लहान आणि फिकट; गुलाबी कांचन मात्र नेमका दसऱ्याच्या सुमारास फुलू लागतो, तेव्हा फांदीला मोठे गुलाबी फूल दिसले तर पानाकडे पाहण्याचीही गरज उरत नाही. डोंगरातल्या ठाकर-कातकरी वस्त्यांना हा भेद पुस्तकावाचून कळतो. तो कळत नाही तो बहुधा गिऱ्हाइकाला.

खुद्द शमीची गोष्ट आणखी उद्बोधक आहे. ती कोरड्या प्रदेशातली वनस्पती. राजस्थान, सिंध, दख्खनचा कमी पावसाचा भाग हे तिचे घर, आणि कोकणच्या मुसळधार पावसात ती आपोआप वाढत नाही. फाळणीनंतर जी निर्वासित कुटुंबे कल्याणच्या लष्करी छावणीत आली आणि १९४९ मध्ये जिच्या जागी उल्हासनगर उभे राहिले, त्यांच्या सिंधमध्ये ती कंडी या नावाने सर्वत्र परिचित होती. म्हणजे मुख्य द्रव्य ज्यांच्या मागे राहिले ते लोक, आणि प्रतिनिधीच ज्यांच्या डोंगरात उगवतो ते लोक, एकाच नदीकाठी शेजारी झाले.

मीमांसेचा आणखी एक नियम आहे: प्रतिनिधीही मिळेनासा झाला तर पुढचे द्रव्य शोधताना सादृश्य मूळ द्रव्याशी पाहावे, प्रतिनिधीशी नव्हे. तो येथे लावला तर कांचनाची बाजू अगदीच लंगडी पडते, कारण कांचन आपट्यासारखा आहे, शमीसारखा नाही. कुक यांच्या वर्गीकरणात आपटा आणि कांचन हे बहावा-चिंचेच्या गटात येतात, तर शमी खैर-शिरीषाच्या गटात, बारीक पर्णिकांची संयुक्त पाने असलेली. अर्थात आपटा हा मुळात सादृश्यामुळे नव्हे तर वचनामुळे आलेला प्रतिनिधी आहे, त्यामुळे वचन संपले तिथे सादृश्याचा नियम लागू होतो की नाही, यावर शास्त्री वाद घालू शकतील. पण तो वाद घालायचा झाल्यास बदलापूरच्या डोंगरातला खैर कोणता आणि तो शमीशी कितपत जुळतो हे आधी पाहावे लागेल, आणि त्यासाठी ‘धर्मसिंधू’शेजारी कुकचा खंड उघडावा लागेल.