संततिनियमन : साधन आणि संमति

संततिनियमनाविषयीं नैतिक वाद करण्याचे दिवस संपले, असें आज पुष्कळांस वाटतें. औषधांच्या दुकानांत गोळ्या उघडपणें मिळतात, सरकारी दवाखान्यांत तांबी विनामूल्य बसवितात, आणि १९७१ च्या कायद्यानें विवक्षित मर्यादेंत गर्भपातासही मान्यता दिली आहे. तथापि वाद संपला म्हणजे प्रश्न सुटला असें होत नाहीं. आमच्या मतें मागील पिढी ज्या मुद्यावर भांडली तो गौण होता. जो मुख्य तो अद्यापि बहुतेक घरांत विचारलाच जात नाहीं.

हीं साधनें निसर्गविरुद्ध आहेत काय, हा तो जुना मुद्दा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केन्द्र उघडलें, तेव्हां त्यांच्यावर हाच मारा झाला. १९२५ सालीं त्यांस गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनीं चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायीं त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. निसर्गविरोधाच्या या आक्षेपांत तथ्य थोडेंच होतें. देवीची लस टोचून घेणें किंवा चष्मा लावणें हीदेखील निसर्गाच्या कामांत ढवळाढवळच होय, आणि ती करतांना कोणाच्याही सदसद्विवेकबुद्धीस टोंचणी लागली नाहीं.

आक्षेप घेणारांत सर्वांत थोर महात्मा गांधी. १९३५ च्या डिसेंबरांत मार्गारेट सँगर त्यांस भेटण्यास वर्ध्यास आल्या. कृत्रिम साधनांस गांधीजींनीं मान्यता दिली नाहीं. संयम हाच मार्ग, असें ते म्हणाले. परंतु त्याच संभाषणांत स्त्रियांनीं पतीस नकार देण्यास शिकलें पाहिजे, यावरही त्यांनीं भर दिला. मूल केव्हां व्हावें हें स्त्रीच्या इच्छेवर असावें, हें कर्व्यांचें प्रतिपादन. साधनाविषयीं या दोघांत दोन ध्रुवांचें अंतर होतें. परंतु स्त्रीच्या शरीरावर तिची स्वतःची सत्ता असावी, या ठिकाणीं ते शेजारीं शेजारीं उभे आहेत. नीतीची कसोटी येथेंच लागते. साधन चांगलें कीं वाईट, हें तें कोणाच्या इच्छेनें वापरलें जातें यावरून ठरतें.

पुढें हें साधन सरकारच्या हातीं गेलें. १९५२ सालीं राष्ट्रीय कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला, आणि व्यक्तीच्या इच्छेची जागा हळूहळू उद्दिष्टाच्या आंकड्यानें घेतली. आणीबाणींत १९७६-७७ या एका वर्षांत ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारें विधेयक १९७६ सालीं आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें संमत केलें होतें. राष्ट्रपतींची संमति न मिळाल्यानें तें कायद्यांत उतरलें नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल, राष्ट्राच्या हितापुढें एका व्यक्तीच्या इच्छेचें महत्त्व तें काय? साथीच्या दिवसांत लस सक्तीची होतेच ना? या युक्तिवादास वजन आहे. परंतु साथीचा रोग रात्रींतून शेजाऱ्याच्या घरांत शिरतो, तसें कोणाचें चौथें मूल शिरत नाहीं. जेथें हानि दूरची आणि शरीरावरील घाव मात्र तात्काळ व बहुधा कायमचा, तेथें सक्तीवांचून काम होतच नाहीं हें सक्ति करणारानें आधीं सिद्ध केलें पाहिजे. तें सिद्ध झालें नाहीं. तसा कायदा नसतांनाच २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत दर स्त्रीमागें सरासरी २ अपत्यें, इतकें प्रमाण खालीं आलें.

सक्तीचें फळ मात्र भलत्याच्याच पदरांत पडलें. आणीबाणींत पुरुषांच्या मनांत नसबंदीचें जें भय बसलें तें गेलें नाहीं, आणि सगळें ओझें स्त्रीवर येऊन पडलें. त्याच पाहणीप्रमाणें विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारे ३८ जणींची नसबंदी झालेली आहे. पतीची झालेली अवघी शेंकडा सुमारे ०.३ आहेत. वास्तविक पुरुषाच्या शस्त्रक्रियेंत पोट उघडावें लागत नाहीं. तेवढीच जागा बधिर करून ती थोडक्यांत आटोपते. उलट, २०१४ सालीं छत्तीसगडांतील बिलासपूर जिल्ह्यांत एका शिबिरांत एकाच दिवशीं ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकण्यांत आल्या आणि त्यांपैकीं डझनाहून अधिक दगावल्या. अशीं शिबिरें बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०१६ सालीं द्यावा लागला.

सुशिक्षित घरांत असें होत नाहीं, असें म्हणून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. मुलगा झाला कीं सूतिकागृहांतच शस्त्रक्रिया उरकून घ्यावी, असें सासूबाई व चिरंजीव ठरवितात आणि सूनबाई कागदावर सही करते. तिला दुसरीं साधनें कोणीं समजावून दिलीं होतीं काय? पतीनें शस्त्रक्रिया करून घ्यावी, ही गोष्ट निदान बोलण्यांत तरी निघाली होती काय? मुलगा होईपर्यंत तिला साधन वापरूं न देणारें घर वरवर याच्या उलट दिसतें, पण तें याच जातीचें. दोहोंकडे निर्णय इतरांचा आणि शरीर तिचें.

शास्त्रानें आपल्या हातीं साधन दिलें. तें कोणाच्या इच्छेनें वापरावयाचें, हें शास्त्र ठरवीत नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरांत ठरतें. आपल्या घरांतील स्त्रीनें उद्यां ‘नाहीं’ म्हटलें तर तें ऐकलें जाईल काय, एवढें प्रत्येकानें स्वतःस विचारून पाहावें. जेथें तें ऐकलें जात नाहीं, तेथें तिच्या ‘होय’ ला संमति म्हणणें ही भाषेची फसवणूक आहे.