टाका टिकावा, वेशाची सक्ती नको

बुलढाण्यातल्या लोणार-मेहकरकडच्या बंजारा तांड्यांत आज फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) घातलेली बाई दिसली, तर ती बहुधा आजी असते. सुना साडीत, नाती पंजाबी ड्रेसमध्ये. ‘बंजारा भरतकाम संपत चाललं’ म्हणून शहरात यावर बरीच हळहळ होते. हळहळणाऱ्यांच्या अंगावर स्वतःच्या पणजीचं नऊवारी लुगडं मात्र नसतं.

हा वेश बायकांनी उगाच टाकला नाही. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घालणाऱ्या लमाणांचा, म्हणजेच बंजाऱ्यांचा, व्यापार रस्त्यांनी आणि रेल्वेने मोडला. मलकापूर, नांदुरा, शेगाववरून गेलेला लोहमार्ग 1867 मध्ये नागपूरला पोचला. 1870 मध्ये जलंबहून खामगावच्या कापूसपेठेपर्यंत फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस आगगाडीत चढला. पुढच्याच वर्षी, 1871 मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. पुढे निरनिराळ्या प्रांतांत ज्या समाजांवर जन्मानेच चोर असल्याचा शिक्का बसला, त्यांत ठिकठिकाणचे बंजारेही होते. 1952 मध्ये तो कायदा गेला. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत बंजारा आजही आहेत. आरसे-कवड्यांचा झगमगता वेश दुरूनच ओळख सांगतो. ज्या ओळखीमागे संशय लागतो, ती बाजारात मिरवायची की नाही, हे त्या बाईनेच ठरवायचं.

आणि या वेशावरचं भरतकाम सोपं नव्हतं. जाड सुती कापडाच्या उभ्या-आडव्या विणीवर नजर ठेवून, धागे मोजत चौकटी आणि तिरकस रेघा भरायच्या. आरशाला भोक नसतं. म्हणून आधी त्यावर धाग्यांची जाळी ताणायची, मग त्या जाळीला धरून कडेने टाके घालत गोल आवळायचा. कवड्या, शिशाचे मणी, लोकरीचे गोंडे हे सगळं त्यावर. डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळसुद्धा भरतकामाची. मुली हे आईजवळ बसून शिकत आणि लग्नाचे कपडे घरीच तयार होत. आता आईचा दिवस कपाशी वेचण्यात, सोयाबीन सोंगण्यात किंवा दूर ऊसतोडीच्या फडावर जातो. तिचे हात टाका विसरले नसतील, पण त्यासाठी लागणारी दुपार तिच्याकडे उरलेली नाही.

चीनच्या ग्वेइचौ प्रांतातल्या म्याओ समाजाची गोष्ट इथे आठवते. बंजाऱ्यांप्रमाणे त्यांच्याकडेही लिपीची जुनी परंपरा नाही. पूर्वजांनी ओलांडलेल्या नद्या आपल्या भरतकामात आहेत, असं ते मानतात. तिथल्या एका परंपरेत कापडावर कथिलाच्या बारीक पट्ट्या बसवतात. चीन सरकारने 2006 मध्ये म्याओ भरतकामाला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. पण शीच्यांगसारख्या पर्यटनगावात पर्यटक म्याओ वेश भाड्याने घेऊन फोटो काढतात. वेशाचा उत्सव झाला म्हणजे करणारीच्या मेहनतीला दाम मिळालाच, असं नाही.

दुसरी वाट कर्नाटकातल्या संडूरची. तिथल्या लंबाणी (बंजारा) बायकांनी टाका वेशातून सोडवून पिशव्या, उशांचे अभ्रे, कुर्ते यांवर आणला. त्या भरतकामाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आक्षेप येईल की लग्नाच्या कांचळीवरची नक्षी अभ्र्यावर गेली की तिचा अर्थ हरवतो. हरवतो, हे खरंच. कांचळी एका विशिष्ट मुलीसाठी असते, अभ्रा कोणासाठीही. पण तो तोटा पत्करायचा की नाही, हे ठरवण्याचा हक्क तांड्यातल्या बाईचा आहे, प्रदर्शनाच्या आयोजकांचा नव्हे. शिवाय टाका हातात राहिला, तर उद्या एखादी नात हौसेने कांचळी पुन्हा भरू शकेल. टाकाच गेला, तर संग्रहालयातली कांचळी नुसती बघायची.

म्हणून बुलढाण्यात करायचं ते साधं आहे. विमुक्त-भटक्यांच्या आश्रमशाळांत कार्यानुभवाच्या तासाला तांड्यातल्या आजीला मानधनावर शिक्षिका म्हणून बोलवावं. वस्तूची किंमत नगावर न लावता लागलेल्या तासांवर लावावी, आणि त्या तासाचा दर शेतमजुरीपेक्षा कमी नसावा. वस्तूवर करणारीचं नाव असावं. महोत्सवात पाहुण्यांच्या स्वागताला पारंपरिक वेशात नाचायला बोलावणं हे या यादीत बसत नाही. त्यात बाईचा वेश दिसतो, तिचं कसब नाही. परंपरा जपायची असेल, तर तिच्या दुपारीचा मोबदला देण्याची तयारी आधी हवी. ती नसेल, तर तिने साडी नेसली म्हणून हळहळण्याचा अधिकारही आपल्याला नाही.