साठीतली शर्यत आणि फलाशा

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा रस्ता इथल्या सायकलवाल्यांच्या पायांना पाठ असतो. जेऊर मागे पडलं की इमामपूरचा घाट, जाताना उतार आणि येताना चढ. मग पांढरीचा पूल, घोडेगाव, वडाळा बहिरोबा आणि साठेक किलोमीटरवर नेवासा फाटा. फाट्यावरून आत वळलं की प्रवरेकाठचं नेवासं. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी इथे गीतेचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. परंपरा सांगते की तेव्हा ज्ञानेश्वरांचं वय अवघं पंधरा होतं. ज्या दगडी खांबाला टेकून त्यांनी हे निरूपण केलं, तो पैस खांब आजही आहे. मूळ देऊळ गेलं, खांब राहिला, आणि त्याच्याभोवती पुढे नवं मंदिर उभं राहिलं.

या खांबापाशी सांगितली गेलेली एक गोष्ट साठीच्या उंबरठ्यावरच्या हौशी सायकलस्वाराच्या थेट कामाची आहे. त्याची अडचण साधी असली तरी टोचणारी असते. इमामपूरचा घाट चढायला यंदा गेल्या वर्षीपेक्षा जास्त वेळ लागला. गेल्या वर्षी त्याच्या आदल्या वर्षीपेक्षा जास्त लागला होता. सराव तेवढाच आहे, किंबहुना वाढलाय. सायकल आधीपेक्षा हलकी आहे, झोप आणि जेवण शिस्तीत आहे. तरी आकडा उलटाच सरकतो, आणि पुढच्या वर्षी तो आणखी सरकणार हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. मग स्पर्धेसाठी पहाटे साडेचारला उठायचं कशासाठी?

शरीरशास्त्रात या प्रश्नाला दिलासा फार मिळत नाही. तिशीनंतर शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते. वर्षानुवर्षं कसून सराव करणाऱ्यांमध्ये ही घट कमी असते, पण थांबत नाही. हृदयाचे कमाल ठोके वयाबरोबर उतरत जातात आणि त्यांवर सरावाचा इलाज नाही. झटक्यात जोर लावणारे स्नायूतंतू आधी आक्रसतात, त्यामुळे शेवटच्या दोनशे मीटरची धाव लवकर हातची जाते. दमसास त्या मानाने बराच टिकतो. आणि थकवा! तिशीत रविवारची दमछाक सोमवारी दुपारपर्यंत विरायची, ती आता बुधवारपर्यंत मांड्यांत बसून राहते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या लेखी तर ‘मास्टर्स’ म्हणजे प्रौढ गट वयाच्या 35व्या वर्षीच सुरू होतो. साठीतला माणूस या हिशेबात पंचवीस वर्षं प्रौढच आहे.

अशा वेळी आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला घरातून येतो: “आता पुरे झालं. या वयात कुणाला काय दाखवायचंय? सकाळी फिरायला जा, नातवंडांत रमा.” दुसरा सल्ला जिद्दीचा. वय हा नुसता आकडा आहे, मनात आणलं तर काहीही जमतं, असं तो सांगतो. पहिल्याला वैराग्याचा वास आहे, दुसऱ्याला पराक्रमाचा. दोन्ही सल्ले एकाच गोष्टीवर उभे आहेत, आणि ती गोष्ट म्हणजे फळ. एक म्हणतो, फळ मिळायचं नाही, तेव्हा सोड. दुसरा म्हणतो, फळ अजून मिळेल, तेव्हा धर.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला कर्माधिकाराचा श्लोक मराठी घरांत इतका ऐकलेला असतो की त्याचा शेवटचा चरण कानाआड जातो. फळावर हक्क सांगू नकोस, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण तोच श्लोक पुढे बजावतो की कर्म न करण्याचीही ओढ लागू देऊ नकोस. साठीतल्या खेळाडूची खरी परीक्षा या दुसऱ्या अर्ध्यात आहे. जिंकता येईनासं झालं म्हणून ज्याने सायकल विकली आणि त्याला विरक्ती हे नाव दिलं, त्याने फळाची आशा सोडलेली नसते. फळ मिळेना म्हणून त्याने कर्म सोडलेलं असतं. फलाशा जागच्या जागीच राहते, फक्त रुसून बसते.

नेवाशाच्या निरूपणात ज्ञानेश्वर याच्या लगतच्या पुढच्या श्लोकाशी थांबून आणखी एक पाऊल पुढे जातात. हाती घेतलेलं काम दैवयोगाने तडीस गेलं तर त्याचा फार हर्ष मानू नये, आणि काही कारणाने ते अर्ध्यावर राहिलं तर खंतावून क्षुब्ध होऊ नये, असं ते सांगतात. अर्ध्यावर राहिलेलंही चांगलंच झालं असं समजावं, इथपर्यंत त्यांची मजल जाते. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांनी हा भाग पुन्हा पुन्हा वाचावा. शर्यत अर्ध्यावर सोडावी लागणं ही त्यांच्या जगातली सगळ्यात मोठी बोच असते. निकालाच्या यादीत नावापुढे उमटणारी ती तीन इंग्रजी अक्षरं, डी-एन-एफ, माणसाला वर्षभर झोपू देत नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो चुकवून चालणार नाही. फळाची आशा सोडली तर स्पर्धा उरते कुठे? स्पर्धेत घड्याळ आहे, क्रमांक आहे, पुढच्याला गाठायची ईर्ष्या आहे. ते सगळं काढून घेतलं तर उरतो तो फेरफटका. आणि अनुभवाची गोष्ट अशी की घड्याळ नसेल तर माणूस घाटात गिअर उतरवतो आणि स्वतःची समजूत घालतो.

लोकमान्य टिळकांनी या आक्षेपाचं उत्तर दिलेलं आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11च्या हिवाळ्यात, पंचावन्नाच्या घरात असताना, त्यांनी पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. ते छापून आलं 1915 मध्ये. डेक्कन कॉलेजात असताना पहिलं वर्ष व्यायामाने शरीर कमावण्यात घालवणारा हा माणूस होता, तेव्हा मेहनत आणि परिणाम यांचं नातं त्यांना पोथीपुरतं ठाऊक नव्हतं. त्यांच्या विवेचनाचा रोख असा की फलाशा सोडणं म्हणजे हेतूशिवाय, आंधळेपणाने काम करणं नव्हे. कशाने काय घडतं हे नीट जाणून, योजना आखून, पूर्ण ताकदीने काम करावं. सोडायची आहे ती ‘हे फळ मलाच मिळालं पाहिजे’ ही आसक्ती. रोमन लेखक सिसरोने स्टोइक पंथाची बाजू मांडताना जवळपास हेच सांगण्यासाठी तिरंदाजाचं उदाहरण घेतलं आहे. तिरंदाजाने नेम धरण्यात काही कसूर ठेवायची नाही. बाण सुटल्यानंतर तो लक्ष्यावर लागणं मात्र त्याच्या हाती नाही, आणि त्याचं भलं त्या लागण्यावर टांगलेलं नाही.

म्हणजे लक्ष्य वेगळं, फळ वेगळं. लक्ष्यावाचून मेहनतीला धार येत नाही, म्हणून घड्याळ हवंच. स्पर्धेचा क्रमांकही हवा, कारण शेजारी दुसरा कुणी झटत असल्याखेरीज माणसाला आपली सीमा कळत नाही. पण तो क्रमांक आपल्या जगण्याची किंमत ठरवायला लागला की गडबड सुरू होते. अमेरिकेत मास्टर्स गटांतले हौशी सायकलपटू उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरले आहेत. ना करार, ना पगार, ना टीव्हीवरचं नाव. पन्नाशी उलटलेल्या माणसाने तरीही इंजेक्शन घ्यावं, यातून फलाशेचं बळ किती असतं ते दिसतं.

तरुणपणी हा गुंता सुटत नाही, कारण सायकल चालवण्याचा आनंद आणि जिंकण्याचा आनंद तेव्हा एकत्रच वाढून येतो. पंचविशीतल्या विजेत्याला विचारलं की तुला यातलं नेमकं काय आवडतं, तर त्याचं उत्तर प्रामाणिक असलं तरी पारखलेलं नसतं. वय ती पारख करतं. जिंकणं हळूहळू बाजूला होतं आणि मागे जे उरतं ते त्या माणसाचं खरं उत्तर. काहींकडे काहीच उरत नाही, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यांना विजय आवडत होता, सायकल नव्हे.

फ्रान्समधल्या रोबेर मार्शां यांच्याकडे बरंच काही उरलं होतं. जन्म 1911चा. तरुणपणी त्यांना सांगण्यात आलं होतं की या चणीच्या माणसाला सायकलिंगमध्ये भवितव्य नाही. अग्निशमन दलात नोकरी, मग व्हेनेझुएला, कॅनडात लाकूडतोड्याचं काम असं आयुष्य गेलं आणि सायकलकडे ते गांभीर्याने परतले ते सत्तरीच्या जवळ आल्यावर. 2012 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी बंदिस्त ट्रॅकवर तासाभरात 24.25 किलोमीटर अंतर कापलं. दोन वर्षांनी पुन्हा उतरले आणि 26.927 किलोमीटर गेले. शंभरी ओलांडल्यावर आकडा वाढला! व्हेरोनिक बिया या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या सरावाची आखणी केली होती, आणि या काळात त्यांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सुमारे 13 टक्क्यांनी वाढल्याचं मोजमापात दिसलं. पण निसर्ग थांबला नाही. जानेवारी 2017 मध्ये, 105व्या वर्षी, तासाचा आकडा 22.547 किलोमीटरवर आला.

त्या दिवसानंतरचं त्यांचं बोलणं या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याला भिडतं. शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी आपल्याला दिसलीच नाही, नाहीतर आणखी जोर लावला असता, अशी चुटपुट त्यांनी बोलून दाखवली. 105 वर्षांच्या वरचा गटच त्यांच्यासाठी नव्याने केलेला. त्यात हरवायला दुसरं कुणी नव्हतं. मग ही चुटपुट कसली? कुणी म्हणेल, हीच फलाशा. पण क्रमांक तर आधीच ठरलेला होता. हळहळ होती ती अंगात शिल्लक राहून गेलेल्या मेहनतीची. कर्म पुरतं झालं नाही याचं ते दुःख होतं, आणि कर्मयोगाच्या कुठल्याही भाष्यकाराला त्यात दोष काढणं अवघड जाईल. मार्शां 2021 मध्ये वारले तेव्हा 109 वर्षांचे होते.

उलट बाजूचं उदाहरण बारामतीचं. लता भगवान करे या साठी उलटलेल्या शेतमजूर बाई आजारी नवऱ्याच्या तपासण्यांचा खर्च भागवण्यासाठी तिथल्या शर्यतीत ज्येष्ठांच्या गटात धावल्या. नऊवारी नेसून, अनवाणी, आणि पहिल्या आल्या. त्यांना बक्षिसाचे पैसेच हवे होते. फळ तर स्पष्ट डोळ्यांसमोर होतं. निष्काम कर्माची फूटपट्टी घेऊन त्यांच्यापुढे उभं राहण्याची कुणाची हिंमत होऊ नये. फळ दुसऱ्यासाठी मागितलं की आसक्तीचा अर्थच बदलतो, हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत असतं, ते या बाईंनी रस्त्यावर दाखवलं. त्यानंतरच्या वर्षीही त्या धावल्या, आणि पुन्हा जिंकल्या.

सायकलच्या जगात या विचाराला एक ठरलेली चौकट मिळालेली आहे, तिला ब्रेव्हे म्हणतात. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला वीस, 400 ला सत्तावीस, 600 ला चाळीस तास. ठरलेल्या थांब्यांवर कार्डावर शिक्का घ्यायचा आणि मुदतीत परत यायचं. सोबत मोटार नको, पंक्चर आपलं आपण काढायचं. क्रमांक लावत नाहीत. साडेसात तासांत आलेला पोरगा आणि सव्वातेरा तासांत आलेले आजोबा एकाच मानाने यादीत असतात. यातलं सगळ्यात मोठं नाव पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, 1200 किलोमीटर आणि नव्वद तास. 1891 मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली आणि पुढे शर्यत गळून नुसती मुदत उरली. घड्याळ आहे, क्रमांक नाही. पुणे, नाशिक, मुंबईकडच्या मधल्या वयाच्या नोकरदारांनी, डॉक्टरांनी, शिक्षकांनी हा प्रकार आपलासा केला तो यामुळे. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन याच लांब पल्ल्याच्या वाटेने पुढे गेले आणि 2015 मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण करून आले.

वारीच्या वाटेवरच्या या जिल्ह्याला हे नवं वाटायचं कारण नाही. पंढरपूरला पहिला कोण पोचला याची नोंद कुणी ठेवत नाही, पण आषाढी एकादशी मात्र चुकवता येत नाही. नाशिकहून सायकलने पंढरीला निघणारे अहिल्यानगरवरूनच जातात, आणि त्यांच्यात पांढऱ्या केसांची माणसं उठून दिसतात.

राहता राहिला घरच्यांचा सल्ला. त्यात एक खरी गोष्ट आहे: वयाच्या या टप्प्यावर शरीर एकट्याचं नसतं. गीता ज्याला स्वधर्म म्हणते त्यात बायको-मुलंही येतात. ताणाखाली हृदयाची तपासणी करून घेणं, छातीत दडपण आलं तर त्याच क्षणी उतरणं, आणि त्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं काम नेवाशाच्या सांगण्याप्रमाणे चांगलंच झालं असं मानणं, हा सरावाचाच भाग आहे. चांदबीबी महालाचा चढ, पुढचा करंजीचा घाट आणि त्या बाजूच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरवणारा वारा यांच्याशी झोंबताना ही समज जवळ असेल, तर मंदावलेल्या वेगाची भीती उरत नाही.

ब्रेव्हेचं वर्ष 1 नोव्हेंबरला सुरू होतं. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि नेवाशाच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. 300च्या तयारीला रात्री बाहेर पडायचं तर पुढचा-मागचा दिवा, अंगावर चमकणारा पट्टा आणि जादा बॅटरी लागते. आणि साठीतल्या डोळ्यांना अंधार आधीपेक्षा गडद दिसतो, म्हणून चष्म्याचा नंबर दिवाळीआधीच तपासून घ्यावा लागतो.