दोन किलोमीटरची कॉइल

रद्दीत मिळालेलं रेडिओबांधणीचं एक जुनं जर्मन पुस्तक चाळत होतो. मिडियम वेव्हच्या कॉइलपुढे आकडा होता २,००,००० सें.मी. तारेची लांबी म्हणावी, तर मुठीत मावणाऱ्या त्या कॉइलवर दोन किलोमीटर तार बसायची कुठून? तो इंडक्टन्सचा आकडा होता. आयुष्यभर ट्रान्सफॉर्मर गुंडाळलेल्या मित्राला पान दाखवलं. तो म्हणाला, "अरे, दशांशचिन्ह नऊ घरं सरकव, हेन्री मिळतील. त्यात विचार कसला करतोस?" उत्तर चोख होतं, २०० मायक्रोहेन्री. पण ते वाक्य आठ दिवस डोक्यातून गेलं नाही.

हेन्री शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेला असतो. त्याच्या आधीचा सेंटीमीटर मात्र कोणी शिकवत नाही, आणि त्यात मोठी गंमत आहे. जुन्या विद्युतचुंबकीय पद्धतीत सगळं सेंटीमीटर, ग्रॅम आणि सेकंदात बसवायचं होतं. त्यासाठी निर्वाताची चुंबकीय पार्यता नुसती १ धरली, आणि इंडक्टन्स आपोआप लांबीत उतरला. हे अगदीच कृत्रिम नाही. हवेतली कॉइल सगळ्या बाजूंनी दुप्पट मोठी करा, वेढे तेवढेच ठेवा. इंडक्टन्स दुप्पट होतो. तो खरोखर लांबीसारखा वागतो.

याच हिशेबात एक हेन्री म्हणजे शंभर कोटी सेंटीमीटर, अर्थात १०,००० किलोमीटर. मीटर ठरवताना १७९१ साली फ्रेंचांनी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एककोटीवा भाग घेतला होता, म्हणजे हे तेच अंतर! म्हणून १८८९ च्या पॅरिस परिषदेत या एककाला 'क्वाड्रंट', पृथ्वीच्या परिघाचा चतुर्थांश, असं नाव मिळालं. १८९३ साली शिकागोला ते जाऊन अमेरिकेच्या जोसेफ हेन्रीचं नाव आलं. मला याचं वाईट वाटलं. माणसाचा सन्मान झाला खरा, पण नावातून पृथ्वी गेली आणि लांबीही गेली. मित्राशी भांडायला मला एवढं कारण पुरेसं होतं.

माझं म्हणणं असं, की 'बरोबर' आणि 'जुळतं' हे दोन वेगळे शब्द आहेत. एक फूट बारा इंचांबरोबर असतो, दोन्ही लांब्याच. पण सेंटीमीटर हेन्रीशी फक्त जुळतो, आणि तोही काही गोष्टी गृहीत धरल्यावर. गावाकडे धान्य पायलीनं मोजत. पायली हे जागेचं माप. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर साळी तराजूत टाका, काटा वेगवेगळा थांबेल. "एक पायली म्हणजे किती किलो?" असं कोणी विचारलं, तर जाणती बाई आधी विचारायची, "कशाची?" तो प्रश्न विचारल्याशिवाय केलेलं रूपांतर म्हणजे अंदाज.

नाव तेच राहून मापच हलतं, तो प्रकार आणखी वेगळा. आजीचा तोळा साडेअकरा ग्रॅमांहून थोडा जास्त होता. आज सराफ १० ग्रॅमांना तोळा म्हणतो. हेन्रीचंही असं झालं आहे. १८६० च्या दशकात ब्रिटिश असोसिएशननं तयार केलेला ओहम ठरल्यापेक्षा सुमारे १.३ टक्के कमी भरला. त्यामुळे ओहमवरून काढलेला इंडक्टन्स आणि खरा क्वाड्रंट यांत तेवढीच फट पडली. एअर्टन आणि पेरी यांनी मग 'सेकओहम' सुचवला: सेकंद गुणिले ओहम, पृथ्वीचा संबंधच नाही. पुढे पाऱ्याच्या १०६.३ सें.मी. स्तंभावर बेतलेला आंतरराष्ट्रीय ओहम आला. त्याच्याबरोबरचा आंतरराष्ट्रीय हेन्री आजच्या १.०००४९ हेन्रीएवढा होता. १ जानेवारी १९४८ पासून तो गेला. म्हणजे १९३० सालच्या मोजणीतला हेन्री आजचा हेन्री नव्हे.

मित्र म्हणाला, "कॉइलमध्येच पाच टक्के इकडेतिकडे असतं. हजारात अर्धा भाग कोण बघतो?" रेडिओपुरतं त्याचं खरं आहे. पण मानकं जपणाऱ्यांना तो अर्धा भाग बघावाच लागतो, आणि तो दिसतो फक्त साल लिहिलेलं असेल तर.

जिंकलो असं वाटून मी पुस्तकाचं पान उलटलं. त्याच मंडलाच्या आकृतीत कंडेन्सरपुढे लिहिलं होतं ५०० सें.मी. इथेही सेंटीमीटर! पण हा स्थिरविद्युत पद्धतीतला. त्याचा एक म्हणजे सुमारे १.११ पिकोफॅरड. एकाच कागदावर, हातभर अंतरात, एकच एकक दोन निराळ्या राशींसाठी, आणि दोघांचे गुणक वेगळे. कॉइलचा सेंटीमीटर स्थिरविद्युत पद्धतीतला समजला, तर उत्तर जवळपास नव्वद लाख कोटी कोटी पटींनी चुकेल. ज्या लांबीचा मी कैवार घेत होतो, ती पार्यता १ धरल्यामुळे आलेली होती. दुसरं काही १ धरलं असतं, तर ती लांबी राहिली नसती. पायलीला किलो म्हणायचा आग्रह मीच धरला होता.

हेन्री असा आग्रह धरत नाही. 'मी लांबी नाही, वेगळी राशी आहे, मला लांबीशी जोडायचं तर मधला स्थिरांक मागा,' असं तो सरळ सांगतो. २०१९ च्या नव्या व्याख्यांनंतर तर निर्वाताची पार्यताही प्रयोगानं मोजायची राशी झाली आहे. म्हणजे नऊ घरांचा तो नियमसुद्धा आता काटेकोर समता उरलेला नाही. तो अत्यंत अचूक असा मेळ आहे. पृथ्वीचं नाव गेल्याचं दुःखही ओसरलं, कारण ध्रुव ते विषुववृत्त हे अंतर मुळात १०,००० नसून सुमारे १०,००२ किलोमीटर आहे.

त्या पानाच्या समासात मी पेन्सिलनं नोंद केली: 'विद्युतचुंबकीय पद्धत, निर्वाताची पार्यता १, २०० मायक्रोहेन्रीशी जुळतं.' बरोबरचं चिन्ह घातलं नाही. छापलेला आकडाही खोडला नाही. कंडेन्सरच्या आकड्यापुढे वेगळी नोंद लिहिली, आणि पुस्तक मित्राला वाचायला दिलं.