ट्रंकेतला नाताळ

आजचा शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-९ आणि २ राजे १८:१-४



आजचे दोन्ही पाठ एकापाठोपाठ वाचले की जरा गोंधळायला होतं. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात देव सांगतो, यार्देनच्या पात्रातून १२ धोंडे उचला आणि मुक्कामाला नेऊन ठेवा. पुढे कधी मुलांनी विचारलं, हे धोंडे कसले, तर सांगता आलं पाहिजे. म्हणजे वस्तू जपा. आणि २ राजेमध्ये हिज्कीया राजा मोशेने केलेला पितळी सर्प फोडून टाकतो, आणि शास्त्र त्याला शाबासकी देतं. म्हणजे वस्तू फोडा! बरं, तो सर्प काही ऐरागैरा नव्हता. देवाच्याच सांगण्यावरून घडवलेला (गणना २१ वाचा), त्याच्याकडे बघून माणसं जगली होती. पूर्वजांनी कित्येक शतकं सांभाळलेला. तरी फोडला.

मग आपण नक्की काय करायचं? डिसेंबर आला की हा प्रश्न माझ्यासाठी बायबल स्टडीपुरता राहत नाही, कारण आमच्या लॉफ्टवर एक पत्र्याची ट्रंक आहे.

पप्पा २०१८ मध्ये प्रभूकडे गेले, आई २०२१ मध्ये. नगरचं घर रिकामं केलं (आता अहिल्यानगर, पण आई-पप्पांचं ते नगरच) तेव्हा भांडी, कपाटं, गाद्या यांचं दोन दिवसांत उरकलं. नाताळच्या ट्रंकेपाशी मात्र मी आणि ताई दोघंही थांबलो. ताई नाशिकला असते, मी पुण्यात. ट्रंक माझ्याकडे आली, कारण माझ्या फ्लॅटला लॉफ्ट होता. वारसा कोणाकडे जातो हे बऱ्याचदा चौरस फुटांवर ठरतं, असं माझं निरीक्षण आहे.

ट्रंकेत सगळ्यात वर पप्पांची चांदणी. पाच टोकांची, बांबूच्या कामट्यांची. दिवाळीला आकाशकंदील करणाऱ्या एका शेजाऱ्यांकडून पप्पा कामट्या तासायला शिकले होते. नगरमध्ये कंदील उतरला की तीन-चार आठवड्यांत चांदणी चढायची, हातखंडा एकच. पण ट्रंकेत आहे तो नुसता सांगाडा. पतंगाचा कागद दरवर्षी नवा लागायचा, खळही नवी, आई गव्हाच्या पिठाची शिजवायची. एक कामटी मी कॉलेजला असताना पप्पांनी बदलली, दुसरी आई गेल्यावर मी बदलली. मग तुम्ही विचाराल, यात पप्पांचं काय उरलंय? थिसिअसच्या जहाजाचा प्रश्न इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रात्रभर चघळला होता, तो असा लॉफ्टवर सापडेल असं वाटलं नव्हतं.

उरल्यात त्या गाठी. कामट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे पप्पा मेण लावलेला दोरा आधी आडवा, मग तिरका फिरवून आत खोचायचे. मी बदललेल्या कामटीलाही तीच गाठ आहे, कारण मला दुसरी येतच नाही. दोरा माझा, बांबू बोहरी आळीजवळून आणलेला, कागद या वर्षीचा, आणि तरी मला विचाराल तर ट्रंकेतली सगळ्यात जुनी गोष्ट तीच आहे. कागदी ताऱ्यांचा एक प्रसिद्ध प्रकार जर्मनीतल्या नीस्की गावच्या मोरेव्हियन शाळेत १८३० च्या दशकात सुरू झाला, भूमितीच्या तासाला. मला हे फार आवडतं. तो तारा कोणी कोणाला जपायला दिला नव्हता, मुलांना करायला शिकवला होता.

चांदणीच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली गव्हाणीची चित्रं. मरिया, योसेफ, बाळ, दोन मेंढरं, एक गाय आणि तीन मेंढपाळ. त्यातला तिसरा मेंढपाळ नीट पाहिलात तर त्याच्या कमरेला तलवार आहे. तो आमच्या दिवाळीच्या किल्ल्यावरचा मावळा. मूळचा मेंढपाळ फुटला तेव्हा आईने किल्ल्याच्या खोक्यातून याला उचलून गव्हाणीपाशी उभा केला, आणि म्हणाली, रात्रीची राखण तर हाही करतोच. किल्ल्यावर पेरतात तसा अळीवही ती गव्हाणीभोवती पेरायची. आठवड्याभरात हिरवंगार.

आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना ही चित्रं अजिबात पसंत नव्हती. मूर्ती त्या मूर्तीच, मग बेथलेहेमच्या का असेनात, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी मला ते कडक वाटायचे. आता वाटतं, त्यांनी हिज्कीया नीट वाचला होता. फक्त धोका मातीत आहे असं ते समजत होते, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्यो गावात गव्हाणी मांडली तेव्हा खरा बैल होता, खरं गाढव होतं, गवत होतं. ठेवणीतलं काहीच नव्हतं. नाताळ झाला, बैल परत शेतावर गेला असेल. गव्हाणी 'जपायची' वस्तू झाली ती नंतर.

आता खरी अडचण. ट्रंकेच्या तळाशी पप्पांनी स्वतः सोल्डर केलेली दिव्यांची माळ आहे. ६ व्होल्टचे ४० दिवे, एकामागोमाग एक जोडलेले. २४० ला ६ ने भागा, पप्पांनी गणित तिथेच शिकवलं. एक दिवा गेला की अख्खी माळ बंद. मग चांगला दिवा हातात घेऊन पप्पा पहिल्यापासून एकेक बदलत बसायचे. मी टेस्टर घेऊन मधूनच सुरुवात करायचो, अर्धी-अर्धी करत. बायनरी सर्चचं नाव मला तेव्हा माहीतही नव्हतं. पप्पा म्हणायचे, तुझं लवकर होतं, पण मग संध्याकाळ कशी जायची?

त्या माळेचं प्लास्टिक आता कडक होऊन जागोजागी तडकलंय, आतली तार दिसते. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. गेल्या वर्षी मी माळेचा प्लग कापून टाकला, म्हणजे कोणी चुकूनही लावायला नको. ताईला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली. मग म्हणाली, "पप्पांच्या हातचं होतं रे ते."

मी तिला हिज्कीया सांगितला. पितळी सर्पाचा दोष नव्हता, लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले म्हणून तो फोडावा लागला. जी वस्तू आता जीव घेऊ शकते ती केवळ पप्पांची म्हणून भिंतीवर चालू ठेवणं हा पप्पांचा मान नाही. पप्पांनीच सगळ्यात आधी प्लग कापला असता. हे मी आजही म्हणेन.

पण ताईने दिलेलं उत्तर मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. ती म्हणाली, "मला पेटवायचीच नाहीये. मला ते सोल्डर बघायचेत. दर जोडावर थोडं जास्त लावायचे ते, टिकलीएवढं. तेवढंच."

तेव्हा मला यापोतल्या विधवा आठवल्या (प्रे. कृत्ये ९). दुर्कस वारली, पेत्र आला, तर त्या बायका काय करतात? तिने शिवलेले कपडे त्याला दाखवतात. हे बघा, हा अंगरखा तिने शिवला. पेत्राने नंतर सगळ्यांना खोलीबाहेर पाठवलं हे खरं, पण कपड्यांत काय ठेवलंय असं तो कुठेही म्हणत नाही. शिवण हातात धरून रडणं हे धूप जाळणं नव्हे. मृताची वस्तू दिसली की लगेच मूर्तिपूजेचं प्रवचन सुरू करणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही येतो, हा अध्याय जरा सावकाश वाचायला हवा.

मग फरक कुठे पडतो? मला राहेलची गोष्ट इथे उपयोगी वाटते (उत्पत्ती ३१). बापाचं घर कायमचं सोडताना तिने त्याच्या गृहदेवता चोरल्या, उंटाच्या खोगिरात घातल्या आणि वर बसली. लाबान शोधत आला तेव्हा तिला उठता येईना. त्या वस्तू ती कोणाला दाखवू शकत नव्हती, वापरू शकत नव्हती, आणि त्यांच्यावरून हलूही शकत नव्हती. याच्या उलट निर्गम १६. रानातला मान्ना उद्यासाठी घरात लपवला तर सकाळपर्यंत किडे पडायचे. पण देवाने अहरोनाला त्याच मान्नाचा एक ओमर भांड्यात भरून ठेवायला लावला, तो पुढच्या पिढ्यांसाठी, ज्यांनी रान पाहिलंच नव्हतं त्यांच्यासाठी. तो टिकला. मान्ना तोच. कोणासाठी ठेवलं एवढाच काय तो फरक.

म्हणून आमच्याकडे गव्हाणीची चित्रं शोकेसमध्ये नाहीत, जमिनीवर आहेत. माझ्या मुलीने आजीला पाहिलं तेव्हा ती तान्ही होती. तिला आजी आठवत नाही, फोटोतली आजी तिला इतर फोटोंसारखीच. पण तिने एकदा विचारलं, "बाबा, या मेंढपाळाकडे तलवार का आहे?" त्या एका प्रश्नावर दिवाळीचा किल्ला, फुटलेला मेंढपाळ, रात्रपाळी करून आलेली नर्स आई आणि तिचा अळीव, असं सगळं निघालं. यार्देनचे धोंडेही साधेच होते की, नदीतले, न घडवलेले. मुलाने विचारेपर्यंत ते नुसते धोंडेच.

जमिनीवर ठेवलं की फुटतंही, हे सांगायलाच हवं. झाडाला लावायचे काचेचे गोळे पाच होते, आईच्या पहिल्या पगारातले. या रविवारी मुलीच्या हातातून एक निसटला आणि चार राहिले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आजी रागावेल?"

मूळचे सहा होते, हे तेव्हा आठवलं. सहावा आईनेच फोडला होता, मी चौथीत असताना, आणि काचा गोळा करताना हसत बसली होती. तेच तिला सांगितलं. मग दोघांनी मिळून झाडू घेतला. एक तुकडा तिला ठेवायचा होता, चकचकीत होता म्हणून. तो मी ठेवू दिला नाही, बोट कापलं असतं.

प्रार्थना : बापा, ताई २३ तारखेला येत आहे. माळ तिच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे, तिचे हात त्या जोडांवरून फिरतील तेव्हा तू जवळ राहा. ज्यांच्या घरी या वर्षी पहिल्यांदाच एक खुर्ची रिकामी आहे आणि ट्रंक उघडवत नाही, त्यांना घाई करू नकोस. आणि ज्यांच्याकडे आई-बापाचं काहीच उरलेलं नाही, एक वाटीसुद्धा, त्यांनाही आठव. येशूच्या नावाने, आमेन.

उद्याचा पाठ : लूक २:१-७. चांदणीला कागद लावायचा असेल तर खळ आज रात्रीच शिजवून ठेवा, गार झालेली चांगली चिकटते.